चुडामणच्या विहिरीची डाळ

चुडामण पाटलाला रस्त्यात कुणी राम राम घातला की तो उलट राम राम घालत नसे. "पानी पिना का मन्ही विहीरनं?" असं विचारी. नाही म्हटलं तर हाताला धरून मळ्यात नेई. हो म्हटलं तरी नेई, कारण काल प्यायलेलं पाणी काल संपलं. पाहुणा तांब्याभर पाणी पिईपर्यंत चुडामण त्याच्या घशाकडे बघत उभा राही. मग पाहुणा तोंड पुसून "साखर शे साखर" म्हणे आणि सुटे. शहाद्याची काही माणसं त्याचा मळा चुकवण्यासाठी नाल्यातून जात.

गर्व फुकटचा नव्हता. मळ्यातल्या घरासमोरची ती विहीर त्यानं स्वतः खोदली होती. वरची काळी माती कुणीही काढील. तिच्याखाली मुरूम, तोही निघतो. मुरमाखाली मात्र काळा खडक लागला, आणि त्या खडकात चुडामणनं दोन उन्हाळे घातले. सुरुंग उडवणारे वडार बोलवायची ऐपत नव्हती. घण, छिन्नी आणि पहार. घण उचलायला जोर लागतो असं लोक समजतात. उचलायला जोर लागतोच, पण नेमक्या जागी सोडायला त्याहून जास्त लागतो, आणि खाली खड्ड्यात वारा नसतो. धनुबाई वरून टोपली ओढी. मगन तेव्हा रांगत होता, त्याला कडुनिंबाला दोरीनं बांधून ठेवलेलं असे.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी खडकाला चीर गेली आणि पाणी आलं. नव्या विहिरीला पाणी लागलं की आधी त्या पाण्यात तुरीची डाळ शिजवून पाहायची, ही तिकडची रीत. डाळ विरघळली तर पाणी हलकं, पिण्याचं. डाळ कडक राहिली तर पाणी जड, गुरांचं आणि पिकाचं. पूजा, नारळ सगळं त्यानंतर. धनुबाईनं विहिरीच्या काठावर तीन दगडांची चूल मांडली. चुडामण कडुनिंबाखाली पडला आणि पडल्या पडल्या झोपला.

डाळ शिजली नाही. धनुबाईनं लाकूड सारलं, फुंकलं, झाकण ठेवलं, काढलं. दाणा चिमटीत दाबला तर दाणा निसटून चुलीत पडला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या तळहाताची साल निघाली होती आणि झोपेतही बोटं मिटत नव्हती.

तिनं ती डाळ म्हशीपुढे ओतली, घागर घेतली आणि गोमाई नदीचा रस्ता धरला. नदी अर्ध्या कोसावर. कोरड्या पात्रात बायका वाळू उकरून झिरे करत. हातभर खाली पाणी पाझरे, काचेसारखं. वाटीवाटीनं घागर भरायची. ती घागर घेऊन धनुबाई पळत आली आणि दुसरी डाळ चढवली. चुडामण जागा झाला तेव्हा डाळ लोण्यासारखी झाली होती.

"दाय शिजनी का?"

"शिजनी."

चुडामणनं पहिला घास घेतला आणि तो रडला. मग उठून तो गावात सांगायला गेला. गावात सांगितलेली गोष्ट परत घेता येत नाही, हे धनुबाईला माहीत होतं.

तेव्हापासून ती रोज पहाटे धुणं डोक्यावर घेऊन नदीवर जाई. "तुम्हनी विहीरवर धुनं धोवानं म्हंजे पाप," असं ती म्हणाली, आणि चुडामणची छाती आणखी फुगली. येताना ओलं धुणं हातावर आणि भरलेली घागर डोक्यावर. तोवर चुडामण मोटेवर असे. घागर चुलीमागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जाई. चुडामण चुलीकडे कधी फिरकत नसे. ताट समोर आलं की त्याला चूल आठवे. मगनला मिसरूड फुटलं, मगनचं लग्न होऊन तो सारंगखेड्याला सासऱ्याच्या शेतावर राहायला गेला, तरी धुणं काही संपेना. दोन माणसांच्या घरात एवढं काय धुते, हा प्रश्न चुडामणला एकदाही पडला नाही.

छत्तीस सालच्या उन्हाळ्यात गोष्ट बिघडली. गाव गोमाईच्या डोहाचं पाणी पीत असे. त्याच डोहात म्हशी बसत आणि धोबी कपडे आपटत. आदल्या वर्षी पटकीनं माणसं गेली. तेव्हा गावच्या कमिटीनं ठरवलं की नदी सोडायची आणि जमिनीतलं पाणी शोधायचं. धुळ्याहून गर्गे नावाचे ओव्हरसियर आले. सडपातळ, सोला हॅट, बोलणं कमी. कमिटीतर्फे त्यांच्याबरोबर चुनीलालशेठ, किराणा दुकानवाले, वजन भरपूर. दोघं विहिरी बघत फिरू लागले. एक विहीर दुपारपर्यंत मोट चालवली तर तळाला गेली. एक खारट निघाली. एकीत कासव होतं, ते चुनीलालशेठना आवडलं नाही.

चुडामण स्वतः कमिटीच्या दारात जाऊन उभा राहिला. घरी येऊन त्यानं पागोटं खुंटीला टांगलं आणि जाहीर केलं, "मगननी माय, आते बठ्ठं शहादं मन्ही विहीरनं पानी पेई. नळ टाकनार शेतस नळ! चुडामण पाटीलनी विहीर म्हनतीन."

धनुबाईचा भाकरी थापणारा हात थांबला.

"कसाले? गाव पानी पेई आनि नाव ठेई."

"काय नाव ठेई? साखर शे."

"आपली म्हैस पेस, केळी पेतस. तितलं पुरे."

"तुन्हं मन ल्हान शे," चुडामण म्हणाला. "तू फक्त दाय रांध. चुनीलालशेठ म्हनस, दाय शिजनी तर विहीर पसंत."

त्या रात्री भाकरी करपली. चुडामण आनंदात होता, त्यानं करपलेलीच खाल्ली.

ठरल्या दिवशी सकाळी दोन मोटा जुंपल्या. एक चुडामणची, एक भिला नावाच्या शेजाऱ्याची. भिलाची जीभ त्याच्या बैलांपेक्षा जास्त चाले, पण बैल चांगले होते. गर्ग्यांनी काठीला फडकं बांधून पाण्याची पातळी धरली आणि म्हणाले, "उपसा. मी सांगेपर्यंत." बैल धावेवरून खाली, वर, खाली. मोट पालथी, पाणी पाटात. ऊन डोक्यावर आलं. भिलाचा एक बैल बसला तो उठेना. चुडामणनं बैलाचा नाडा स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि अर्ध्या धावेपर्यंत मोट ओढून दाखवली. तिथून ती त्याला घेऊन मागे गेली. भिलानं वेळेवर धरलं नसतं तर चुडामण पाटील आपल्याच विहिरीत गेला असता. पातळी फडक्याच्या खाली चार बोटं उतरली आणि तिथेच राहिली.

"झरा जोरदार आहे," गर्गे म्हणाले. हे त्यांचं तोवरचं सर्वात लांब वाक्य होतं. "पाण्याची बाटली पुण्याला तपासायला पाठवतो. महिना लागेल."

"महिना कशाला?" चुनीलालशेठ म्हणाले. "घरातल्या बाया बाटली नाही विचारणार, साहेब. डाळ विचारतील." त्यांनी दुकानातून डाळ आणवली होती. "माझ्या दुकानची शे. एक नंबर."

काठावर तीन दगड मांडले. त्याच जागी. सगळ्यांच्या देखत मोटेतलं पाणी पातेल्यात आलं. धनुबाईनं डाळ धुऊन टाकली, हळद टाकली, आणि पदर पुढे ओढून बसली. चुडामण शेठना सांगत होता की या पाण्याला डाळ नुसती दाखवली तरी विरघळते.

उकळी आली. डाळ खाली-वर नाचली. नाचत राहिली.

"झाई का?" शेठनी विचारलं. त्यांना जेवायची वेळ टळलेली सोसत नसे.

धनुबाईनं दाणा दाबला. दाणा उडून भिलाच्या धोतरावर गेला. भिलानं तो उचलून दाताखाली धरला.

"चुडामणभाऊ, दाय शे का गारगोटी? चकमक झडी ना!"

"लाकूड ओलं शे," चुडामण म्हणाला. त्यानं कोरडी बाभूळ आणली. जाळ कमरेएवढा झाला. पाणी आटलं, पाणी घातलं, परत आटलं. डाळ तशीच. मग पातेलं वाईट ठरलं. भिलाच्या घरून दुसरं आलं. मग चुडामण म्हणाला, "शेठ, राग नका मानू, दाय जुनी शे तुम्हनी."

"जुनी?" चुनीलालशेठ उठून उभे राहिले, त्यांना उठायला जेवढा वेळ लागला त्यावरून राग किती ते सगळ्यांना कळलं. "अरे, ही डाळ आज माझ्या घरी शिजली! माझी बायको शोभाबाई वाट पाहत बसली असेल आणि मी इथे दगड रांधतोय!"

आता दोष द्यायला कुणी उरलं नव्हतं. चुडामणनं बायकोकडे पाहिलं.

"मगननी माय, तूच इसरनी. इतला दिन रांधं आनि आज लोकसमोर नाक कापं मन्हं."

धनुबाई उठली. घरात गेली, चुलीमागची घागर कमरेवर घेऊन आली, पातेलं रिकामं केलं, घागरीतलं पाणी ओतलं. तीच डाळ, शेठच्या पुडीतली. तीच बाभूळ. सगळे बघत होते. थोड्या वेळानं झाकण काढलं तर डाळीचा दाणा दिसेना. नुसतं पिवळं घट्ट वरण.

"देखा!" चुडामण ओरडला. "देखा का! घरमातलं पानी. हाईच विहीरनं! मोटनं पानी ढवळायेल व्हतं, बठेल पानी पाहिजे!"

"बरोबर," चुनीलालशेठ वाटी पुढे करत म्हणाले. "पाणी बसलं की हलकं होतं. पसंत."

"पसंत," भिलाही म्हणाला. त्यालाही भूक लागली होती.

गर्गे एकटे पहिल्या पातेल्याच्या आत बोट फिरवून बघत होते. बोटाला पांढरा थर लागला होता. "डाळ एक, जाळ एक," ते म्हणाले. "पाणी एकच असेल तर हे असं का?" पण त्यांच्याकडे कुणी पाहत नव्हतं. चुडामणचे डोळे भरून आले होते.

धनुबाईला गप्प बसणं सोपं होतं. ती इतकी वर्षं तेच करत आली होती. पण तिला गाव दिसत होतं. नळ येणार, घरोघर ही विहीर येणार, आणि घरोघरची बाई तिच्यासारखीच पहाटे धुणं घेऊन चोरून झिऱ्यावर जाणार. एवढं धुणं गावात नव्हतं.

"ते पानी विहीरनं नही," ती म्हणाली.

शेठचा घास वाटेतच थांबला.

"झिरानं शे. नदीवरनं."

चुडामण हसला. मग त्याचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि आतून तो निघून गेला.

"कवयपाईन?"

"पहिल्या दिनपाईन."

"आनि धुनं?"

"धुनं काय, तेच ते धोयं."

भिलानं वाकून घागरीत पाहिलं.

गर्ग्यांनी घागरीतलं पाणी ओंजळीत घेतलं, प्यायले. "वाळू किती खोल आहे तिथे?"

"हात गया तितली. आखो खाले बी वाळूच शे."

"मग हे नदीचं पाणी नव्हेच. वाळूखालचं, गाळून आलेलं. डोहापासून वरच्या अंगाला विहीर घातली तर..." ते बोलता बोलताच नदीच्या दिशेनं निघाले. चुनीलालशेठनी आधी वाटी संपवली, मग तेही निघाले. भिला बैल सोडून त्यांच्यामागे गेला. असं काही रोज घडत नसतं.

विहिरीवर दोघंच उरली.

"तवय का नही सांगं?" चुडामण म्हणाला.

"तुम्हना हात देखात मी. वाटकी बी धराती नही व्हती."

चुडामणनं आपले तळहात उलटेसुलटे करून पाहिले.

दुसऱ्या दिवशी धनुबाई उठली तेव्हा घागर जागेवर नव्हती. चुडामण ती खांद्यावर टाकून नदीकडे निघाला होता. बाईची घागर घेतलेला पाटील शहाद्यानं पाहिला नव्हता. नाल्यातून चुकवून जाणारी माणसं आता मुद्दाम रस्त्यानं आली.

"चुडामणभाऊ, विहीर आटनी का?"

"नही. तुम्हनी मस्करी आटाले पाहिजे," चुडामण म्हणाला आणि चालत राहिला.

झिऱ्यावर रूपलीबाई नावाची म्हातारी होती. तिनं त्याला वाटी कशी बुडवायची ते दाखवलं, कारण तो वाळू ढवळत होता. घागर भरली. खांद्यावर घेतली. वाळूत पाय रुतला की घागर मागे ओढते, काठ चढताना पुढे. अर्ध्या वाटेत खांदा बदलायचा तर उतरवावी लागते, आणि उतरवलेली घागर एकट्या माणसाला परत चढवणं म्हणजे काय, हे बाई सांगत नसते. चुडामणनं मनाशी हिशोब केला. खडक फोडणं कठीण, पण फुटलेला खडक उद्या परत जुळून येत नाही. ही घागर उद्या रिकामीच.

त्यानं हे भिलाला सांगितलं. भिलाला ते पटलं नाही. तो कधी घागर घेऊन चालला नव्हता.

पुढे नदीच्या पात्रात कमिटीची विहीर झाली. चुडामण बघायला गेला नाही. "वाळूमा खड्डा!" तो म्हणे. "मांजर बी खनस." त्याच्या विहिरीवर केळी मात्र अशी आली की चुनीलालशेठ घड न्यायला स्वतः येत, आणि चुडामण त्यांना पाणी पिऊन जा म्हणत नसे. ते आपणहून मागत, तेव्हा देई.

नळ यायच्या आधीची, घागर रोज चुडामणच आणी तेव्हाची गोष्ट. एका सकाळी काठ चढताना चुडामणचा पाय सरकला आणि घागर वाळूत रिकामी झाली. तो तिथे बराच वेळ बसला. मग घरी आला, इकडे तिकडे पाहिलं, आणि घागर स्वतःच्या विहिरीवर भरून चुलीमागे ठेवली.

दुपारी ताट आलं. धनुबाई समोर बसली. ती कधी बसत नसे. चुडामणनं घास घेतला आणि तो चावला. त्याचा आवाज दारात बसलेल्या कुत्र्यालाही ऐकू गेला.

"दाय शिजनी का?" धनुबाईनं विचारलं.

चुडामण चावत राहिला. गिळलं.

"शिजनी," तो म्हणाला.

धनुबाईनं वरणाची आणखी एक पळी त्याच्या ताटात वाढली.