हात दोन, नक्षी एक

माझी आई शाळेची पायरी चढली नव्हती, आणि एका शिकलेल्या माणसाचा जीव तिनं पत्र पाहून वाचवला. पाहूनच म्हणते मी, वाचून नाही. कोणाला सांगितलं की लोक हसतात. हसोत बापडे.

महाल नावाच्या जुन्या वस्तीत आमचं घर. पुढच्या खोलीत आईचा हातमाग, मागच्या खोलीत भाडेकरू. सत्तरच्या दशकात, मी कॉलेजात जाऊ लागले तेव्हा, तिथे कंबोडियाचा एक विद्यार्थी राहायला आला. पाली शिकायचा. जाड भिंगाचा चष्मा, बोलणं हिंदी-मराठीची मिसळ. आई त्याला बाबू म्हणायची आणि तो तिला आई. आमची भाजी त्याला तिखट लागायची. नाक पुसत जेवायचा, पण पुन्हा मागून घ्यायचा.

मग त्याच्या देशातली लढाई संपून कम्युनिस्टांचं राज्य आलं आणि घरची पत्रं बंद झाली. तरी आधी तो खूश होता. बॉम्ब पडायचे थांबले, आता गरिबांचं राज्य, म्हणायचा. त्यांचा तो पुढारी पूर्वी शाळामास्तर होता म्हणे. मास्तर माणूस काय वाईट करणार, असं मलाही वाटलं. बी.ए.ला होते ना, अक्कल नुसती ओसंडून वाहत होती! पेपरात कधीमधी चार ओळी यायच्या, की शहरं रिकामी केली, सगळ्यांना शेतात जुंपलं, शिकलेल्यांना मारून टाकतात. आम्ही दोघं म्हणायचो, परदेशी पेपरवाल्यांच्या गप्पा.

साल-दीड सालानं त्याला पत्र आलं. आधीच मायदेशी परतलेल्या एका वर्गमित्रानं लिहिलं होतं, ये, देश उभारायला हात हवेत. बाबू नाचायचाच काय तो बाकी होता. दिल्लीत शिकणारा त्याच्याच देशाचा एक दोस्त निघायच्या तयारीनं आमच्याकडे आला. त्यालाही दुसऱ्या कोणा परतलेल्याचं असंच पत्र आलं होतं. दोघं सोबत जाणार होते. परवाची गाडी होती.

त्या दुपारी दोघांनी आपापलं पत्र कौतुकानं आईला दाखवलं. त्यांच्या लिपीतली ती वळणदार अक्षरं मला तर सगळी सारखीच दिसली. आईनं माग थांबवला. दोन्ही कागद ताणलेल्या कापडावर शेजारी पसरले आणि काठाची नक्षी तपासावी तशी एकेका खुणेवर बोट ठेवत चालली. एका कागदावर डावं बोट, दुसऱ्यावर उजवं. मी चिडले. म्हटलं, उगाच काय करतेस, त्यांना सामान बांधायचं आहे. तिनं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

शेवटच्या ओळीपर्यंत पोचल्यावर म्हणाली, "हात दोन हायेत गा बाबू, पण नक्षी एकच हाये. दोन माणसं आपापल्या मनानं लिहितीन तर असं येईन काय? कोणीतरी समोर बसून लिहून घेऊन राहिलं."

बाबूनं कागद जवळजवळ हिसकलेच. या पत्रातलं एक वाक्य वाचे, मग त्या पत्रात बघे. शब्दन् शब्द तोच होता. दोघांनी आपापलं पत्र पाठ होईपर्यंत वाचलं होतं, पण दोन्ही जोडून पाहायचं एकालाही सुचलं नव्हतं.

दोस्त मात्र हसला. सरकारनं मजकूर दिला असेल, त्यात काय बिघडलं, म्हणाला. आईनं त्यालाही थांब म्हणून सांगितलं, पोटभर जेवू घातलं. तो गेला. बाबू राहिला, आणि कितीतरी दिवस आईवर रुसून होता, की तिच्यापायी आपण पळपुटे ठरलो.

ते राज्य कोसळल्यावर कळलं की पेपरवाले कमीच सांगत होते. मास्तर मारले, भिक्खू मारले, नुसता चष्मा लावतो म्हणून माणसं मारली. उपासमारीनं मेले ते वेगळेच. परतलेल्यांना तर पुष्कळदा उतरल्याबरोबर उचलून नेत. बाबूचा तो दोस्त त्यातच गेला होता. ही खबर आली त्या दिवशी बाबूनं आईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि माझा ऊर भरून आला. अख्ख्या मोहल्ल्याला ओरडून सांगावंसं वाटलं, पाहा, ही माझी आई आहे!

आईनं मात्र त्याच्या डोक्यावर नुसता हात ठेवला. म्हणाली, "त्या दुसऱ्या पोराचा हात धरून बसाले पाहिजे होतं मी. परका म्हणून नाही धरला."