आमचा डोंगर मरोळच्या गाळ्यात

शनिवारी सकाळी मुलुंडहून निघाले ती डोक्यात राख घालूनच. आदल्या दिवशी गावाहून चुलतभावाचा, बापूचा, व्हिडिओ आला होता. दोडामार्गाकडचा आमचा सामाईक डोंगर, बारमाही हिरवा, भर दुपारी आत टॉर्च लागेल असा. त्याची एक बाजू पार तासून काढलेली. कोणी परवानगी दिली म्हणून मी फोनवर तावातावानं विचारलं. बापू म्हणाला, "तुमी सगळ्यांनी. तुझी पण सही आसा."

होती. गणपतीत आरती आणि प्रसाद यांच्या मधे कुणीतरी चुलता कागद फिरवतो आणि आम्ही मुंबईकर न वाचता सही ठोकून मोदकांकडे वळतो. दरवर्षीचंच आहे. यंदाच्या कागदावर म्हणे 'झाडी साफ करणे' लिहिलं होतं. उरलेला अर्धा डोंगर सोमवारी तोडणार होते. सातबाऱ्यावर पहिलं नाव घाटकोपरच्या मोठ्या काकांचं. त्यांनी संमती लेखी मागे घेतली तरच ठेकेदार थांबेल, असं बापूचं म्हणणं. पण मला आधी ते लाकूड बघायचं होतं. ते नेणाऱ्या ट्रकवाल्याकडून बापूनं मरोळचा पत्ता काढून दिला होता.

मुलुंड ते मरोळ रिक्षानं जाणार असाल तर पवईपाशी अर्धा तास रखडायची तयारी ठेवा. औद्योगिक वसाहतीत गाळ्यांचे नंबर कुणालाच सांगता येत नाहीत, सरळ चहावाल्याला विचारा. त्याच्याकडचा वडापाव झकास.

गाळ्यात परदेशी जाणाऱ्या मशिनांसाठी लाकडी खोकी बनतात. कोपऱ्यात रायवळ आंब्याचे, जांभळाचे ओंडके पडलेले, चीक अजून ओला. सुपरवायझर सज्जन निघाला, त्याचाच जास्त राग आला. फळीवरचा शिक्का दाखवत म्हणाला, "सगळं कायदेशीर आहे मॅडम. भट्टीत तापवतो. एक किडा सापडणार नाही."

"आणि लाकूड कुठल्या जंगलातलं?"

"ते कोण विचारतं?"

"माल पोचल्यावर खोक्याचं काय होतं?"

"तोडून फेकतात ना."

फेकतात! दोघांच्या कवेत न मावणारा आंबा पाडायचा, एकदा बोटीत बसवायचा आणि फेकायचा. परदेशात किडा जाऊ नये म्हणून नियम, भट्टी, शिक्का. इथलं जंगल गेलं तर कुणाच्या बापाचं काय जातं? लाज नाही वाटत यांना? आणि न वाचता सही करताना मला कुठे वाटली होती?

मरोळ नाक्याहून मेट्रोनं घाटकोपर. गिरणीतून कधीच निवृत्त झालेले काका खुर्चीत बसून होते. काकूनं घावणे वाढले. मी सगळं सांगितलं.

"माका वाटला, झुडपां काढतत," काका म्हणाले. "पण मी शब्द दिलंय गो."

"झुडपांचा दिलात काका. डोंगराचा कुठे दिलात?"

मी लिहून नेलेलं पत्र पुढे केलं. त्यांनी पेन घेतलं नाही. "वाच," म्हणाले. वाचलं. "परत वाच." तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्यांनी सावकाश सही केली. खाली मीही केली.

घरी पोचून पत्राचा फोटो बापूला पाठवला. सोमवारी ठेकेदाराची माणसं आली, पत्र बघून शिव्या घालत परत गेली. आमचा अर्धा डोंगर उभा आहे. मला त्याचं कौतुक नको, कारण दुसरा अर्धा मीच दिला.

काल बापू म्हणाला, तोच ट्रक आता शेजारच्या गावात लागलाय. तिथल्या सह्याही मुंबईकरांनीच केल्यात. त्यात तुमची आहे का, आजच फोन करून विचारा.