टिचकी, फुंकर आणि तेल

आमचे काका घड्याळं दुरुस्त करतात. बंद पडलेल्या कुठल्याही वस्तूवर त्यांच्याकडे तीनच उपाय: आधी टिचकी, मग फुंकर, शेवटी तेल. मिक्सर, दाराची कडी, एकदा तर जावयाचा गुडघाही या क्रमातून गेला आहे. गुडघा बरा झाला हे आमचं दुर्दैव, कारण तेव्हापासून काकांना कोणी काही सांगायची सोयच उरली नाही.

म्हणून "कॉम्प्युटर अडकतोय, काकूच्या गोष्टी लागत नाहीत," असा त्यांचा फोन आला तशी मी हातातलं काम टाकून धावले. बघते तर कॉम्प्युटर उघडा, काकांच्या डोळ्याला भिंग आणि हार्ड डिस्कच्या झाकणाचे दोन स्क्रू बशीत!

"काका, थांबा!"

"अगं, आतून टिकटिक येतेय. ताल चुकलाय. उघडून तेलाचा एक थेंब..."

"त्यात धुळीचा कण गेला तरी सगळं संपेल. टिचकी मारलीत?"

"हलकीच."

"आणि फुंकर?"

"तीही हलकीच."

माझी थट्टा वरवरची होती. त्या डिस्कवर काकूचा आवाज होता. घशाच्या ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा काकूने दुपारी बसून नातीसाठी गोष्टी रेकॉर्ड केल्या होत्या. ऑपरेशन झालं, काकू वाचली, आवाज गेला. आता ती टाळी वाजवून हाक मारते आणि भुवयांनी रागावते.

"मी पेन ड्राइव्हवर दुसरी प्रत दिली होती, ती कुठेय?"

"पुसली," काका म्हणाले. "एका घरात दोन घड्याळं ठेवू नयेत. भांडतात. मग खरं कुठलं ते कळत नाही."

त्यांच्या दुकानाची भिंत घड्याळांनी भरलेली आहे, पण घरात एकच, ते याच नियमाने. काकूने कपाळावर हात मारून घेतला.

स्क्रू परत लावून घेतले. गोष्टी माझ्या लॅपटॉपवर उतरवून बघितल्या, एकही उतरेना. शेवटी डिस्कची तपासणी लावली. कॉम्प्युटर डिस्कचा कोपरा न कोपरा वाचून बघतो, खराब जागांवर खूण करतो आणि विस्कटलेलं जमेल तेवढं जुळवतो. तोवर आपण गप्प बसायचं असतं, आणि तेच काकांना जमत नाही.

पडद्यावरचा आकडा चढत चढत गेला आणि अर्ध्यावर येऊन ठप्प झाला.

"काट्यात केस अडकलाय," काकांनी निदान केलं आणि खिशातून तेलाची बाटली काढली. काकूने त्यांचं मनगट धरलं. धरलं ते सोडलंच नाही. काकांनीही ते सोडवून घेतलं नाही.

बऱ्याच वेळाने आकडा हलला. तपासणी संपली. एक गोष्ट गेलीच, बाकीच्या वाचल्या. मी पहिली लावली. नुसती खरखर. काकांची टिचकी सवयीने पुढे निघाली, तेवढ्यात स्पीकरमधून रेकॉर्डिंगच्या वेळची काकू कडाडली, "अहो, हात लावू नका त्याला! मी बोलतेय ना!"

चटका बसावा तसा काकांनी हात मागे घेतला. शेजारी काकू आवाज न करता हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. काकांनी भिंग काढलं आणि उगाचच पुसत बसले. मलाही रडू आलं, लपवत कशाला बसू?

"पुन्हा लाव," काका म्हणाले. "गोष्ट नको. तेवढं रागावलेलंच लाव."

तीनदा ऐकून झाल्यावर म्हणाले, "याच्या प्रती काढ. दोन, चार, कितीही."

"आणि भांडल्या तर?"

"भांडू देत गं. घरात आवाज तर होईल."