शेडवरची हजेरी

"हं, बोलू नका. हजेरी चाललीय."

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास आमच्या बिल्डिंगच्या गेटापाशी सायकल लागायची. काका स्टँड लावायचे, कानामागची पेन्सिल काढायचे, टोक जिभेला टेकवायचे, पिशवीतून लांबट हजेरीपुस्तक काढायचे आणि हे वाक्य बोलायचे. बोलत कुणीच नसायचं. आम्ही चार बायका खाली कट्ट्यावर बसलेल्या, प्रत्येकीच्या मांडीवर पोळ्यांचा डबा. पण हे म्हटल्याशिवाय त्यांचा गळा मोकळा होत नसावा.

हजेरी कुणाची म्हणाल, तर कुत्र्या-मांजरांची. बदलापूरहून बारवी धरणाकडे जाताना रस्त्याच्या आत एक पत्र्याची शेड आहे. अपघातात सापडलेली, कुणी सोडून दिलेली, म्हातारी झालेली जनावरं तिथं ठेवतात. एक डॉक्टर मुलगी ती चालवते. काका रोज सकाळी तिथं जायचे आणि रविवारी आमच्याकडे येऊन जनावरांसाठी पोळ्या न्यायचे, आठवड्याची खबर द्यायचे. कधी पेपर वाचल्यासारखी नाही, हजेरी वाचूनच.

"लंगडी, हजर. भुऱ्या, मेडिकलवर, टाके उद्या निघतील. मनी, अर्धा दिवस." ही मनी नुसती जेवायला यायची, म्हणून तिला कायम अर्धा दिवस लागायचा. एक गाढव होतं, मालक पावसाळ्यात न्यायचा आणि उन्हाळ्यात आणून सोडायचा. त्याच्यापुढे काका लिहायचे, कॉन्ट्रॅक्टवर. हे सगळं अगदी गंभीर चेहऱ्यानं. आम्ही हसलो की चष्म्यावरून बघायचे, आणि आम्ही शाळेतल्या मुलींसारख्या गप्प.

त्यांचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. सगळे हजेरीकाका म्हणत, मीही म्हणे, माझ्याहून चारच वर्षांनी मोठे असले तरी. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते टाइमकीपर होते. कारखाना बंद पडायला आला, माणसं कमी कमी होत गेली, आणि शेवटच्या दिवशी गेटावर अकरा जण उरले होते. काकांनी त्या अकरांचीही हजेरी घेतली. मी एकदा विचारलं, कशाला हो, पगार तर मिळणार नव्हता. म्हणाले, "ताई, नाव घेतलं की माणूस जरा ताठ उभा राहतो."

आता तुम्ही म्हणाल, कुत्र्यांचं काय. पण त्यांची हजेरी ऐकता ऐकता आमची बिल्डिंग त्या शेडला कशी बांधली गेली ते मला कळलंच नाही. मला शिवणाचा नाद. काका उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या कारखान्यांतून जीन्सच्या चिंध्या पोत्यानं आणायचे, मी त्यांच्या गोधड्या शिवायची. त्या कापडावर माझ्या मशीनच्या किती सुया मोडल्या विचारू नका. पुढच्या रविवारी हजेरीत माझ्या गोधडीची बातमी असायची, तिच्यावर कोण झोपलं, कुणी ती फाडली. एकदा माझ्या निळ्या गोधडीवर मनी व्याली, तीन पिल्लं झाली. घरी नातवाचे मार्क कळले तेव्हा झाला नसेल एवढा आनंद मला त्या दिवशी झाला. हे सुनेला सांगू नका.

काकांचा एक नियम होता. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते कुणाला हजर लावायचे नाहीत. डॉक्टर मुलगी म्हणायची, काका, तो टाकीमागे झोपलाय, मी आत्ताच बघितला. काका म्हणायचे, तू बघितलास, मी नाही. आणि टाकीमागे जाऊन, गुडघे टेकून, बघून यायचे. आम्हाला याचं कौतुक वाटायचं. सगळं बिनसलं ते याच नियमापायी.

आमच्या दुसऱ्या मजल्यावर एक सिंधी दादी राहायला आल्या. आधी त्या उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये होत्या, स्वतःचं बैठं घर, अंगण आणि अंगणात एक कुत्रा. गव्हाळ रंगाचा, अंगभर काळे ठिपके, डावा कान अर्धा तुटलेला. भाजलेल्या पापडासारखा दिसतो म्हणून नाव पापड. मुलानं इथं फ्लॅट घेतला. नातीला दम्याचा त्रास, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, घरात केसाळ जनावर नको. म्हणून पापड शेडवर आला. दादींचे गुडघे गेलेले, शेडपर्यंत जाणं त्यांना जमायचं नाही. पोळ्या द्यायला खाली उतरायचंही नाही. त्या खिडकीत उभ्या राहायच्या. काका यादीत पापडपर्यंत आले की मान वर करायचे आणि खिडकीकडे बघत म्हणायचे, "पापड, हजर." दादी पदर सारखा करायच्या आणि आत जायच्या. बाकीची यादी त्या कधी ऐकत नसत.

वर्षभर हे असं चाललं. मग गणपती विसर्जनाचा दिवस आला.

त्या सकाळी शेडवर एक नवं कुत्रं आलेलं होतं, घाबरून कुंपणाबाहेर एका पाइपात शिरून बसलेलं. काकांना ते यादीत घ्यायचं होतं, आणि बघितल्याशिवाय तर घेता येत नव्हतं. ते फाटक उघडून बाहेर गेले, पाइपापाशी वाकले, पुस्तकात नोंद केली, आत आले. फाटकाची कडी घालायची राहिली. तेवढ्यात रस्त्यावरून मिरवणूक आली, ताशा, आणि फटाक्यांची मोठी माळ. फाटक ढकललं गेलं. दोन-तीन कुत्री पळाली ती संध्याकाळपर्यंत परत आली. पापड डोंगराच्या बाजूला पळाला तो आलाच नाही.

हे मला डॉक्टर मुलीनं फोनवर सांगितलं. ती रडत होती आणि फटाके वाजवणाऱ्यांना शिव्या देत होती. मी दादींना कसं सांगावं या विचारात त्यांच्या दारात गेले, तर काका तिथं आधीच उभे. चप्पल बाहेर काढलेली, पण उंबरा ओलांडलेला नाही. फटाक्यांचा एक शब्द त्यांनी काढला नाही.

"दादी, पापड सुटला. फाटकाची कडी मी लावली नव्हती."

दादींनी त्यांच्याकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुम तो गिनने गए थे ना." आणि दार लावून घेतलं. आपटलंही नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं असं काका नंतर मला म्हणाले.

मग शोधाशोध सुरू झाली. झेरॉक्सवाल्यानं पापडचा फोटो फुकट छापून दिला. रिक्षावाल्यांनी तो मागच्या काचेला चिकटवला. दूधवाला रोज पहाटे तपास घ्यायचा. कॅम्प पाचमधले जीन्सचे कारागीर, ज्यांनी पापडला जन्मात पाहिलं नव्हतं, तेही फोन करायचे, काका, अर्ध्या कानाचा एक इथं फिरतोय. काका सायकल टाकायचे आणि जायचे. एका रिक्षावाल्यानं तर एक कुत्रा थेट रिक्षात बसवून आणला. ठिपके बरोबर, कान दोन्ही शाबूत. परत कुठं सोडणार, तो शेडवरच राहिला. काकांनी त्याचं नाव लिहिलं, डुप्लिकेट. नकली मालाचं गाव उल्हासनगर, आणि हा मालही तिथलाच होता म्हणा.

आणि रविवारी काका गेटापाशी यायचेच. मला वाटलं होतं पापडचं नाव ते गाळतील. नाही. त्याच जागी आले, मान वर केली, म्हणाले, "पापड." थांबले. खाली बघितलं. "गैरहजर."

वरची खिडकी बंद झाली.

दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी मी त्यांना बाजूला घेऊन चांगलं झापलं. म्हटलं, त्या बाईच्या जखमेवर दर आठवड्याला मीठ कशाला चोळता, यादीतून काढून टाका तो. काकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, न कळवता गेलेल्या माणसाचं नाव आमच्याकडे कारखान्यात असं लगेच कमी करत नसत. गावी गेला असेल, आजारी असेल, कुणी अडवून ठेवला असेल. आपण नाव वाचलं नाही, तर तो परत आला तरी त्याला जागा कुठंय?

त्यांचा शर्ट खांद्यावर लोंबायला लागलेला तेव्हा मला दिसला. हजेरी झाली की चहाला न थांबता ते बारवीच्या रस्त्याला लागायचे. आणि एक गोष्ट मी काकांना सांगितली नव्हती, ती तुम्हाला सांगते. खिडकी पुढे पुढे बंद व्हायची नाही. काका येण्याआधीच ती अर्धी लोटलेली असायची, आणि फटीत दादींच्या पांढऱ्या पदराची कड दिसायची. दादी त्यांच्याशी बोलत नव्हत्या, पण नाव ऐकत होत्या.

थंडी सुरू झाली. बाजारात आवळे आले. बारवीकडच्या एका वाडीवरची बाई दर वर्षी आमच्या गल्लीत टोपली घेऊन येते, मी तिच्याकडूनच घेते. आवळे निवडता निवडता ती सांगायला लागली, "आमच्यात एक पावना येऊन ऱ्हायलाय, बाय. कुत्रा. ये म्हटलं तं येत नाय, जा म्हटलं तं जात नाय. दीसभर बकऱ्यांमागं."

मी सहज विचारावं तसं विचारलं, कान कसे आहेत गं त्याचे. तिनं डाव्या कानाला हात लावला आणि अर्ध्यावर बोट आडवं धरलं. आवळे तिथंच टाकून मी फोन शोधायला धावले.

काका लगेच आले, पण एकटे वाडीवर जाईनात. म्हणाले, ओळख पटवायला दादीच हव्यात. मी वर जाऊन सांगितलं. दादी तडक स्वयंपाकघरात गेल्या. बिनकांद्याच्या दोन कोक्या केल्या. कोकी म्हणजे सिंध्यांची जाड, खरपूस पोळी, पापडच्या आवडीची. डबा घेतला, जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरल्या. काका रिक्षात ड्रायव्हरशेजारी अवघडून बसले, आम्ही दोघी मागे. तासाभराची वाट होती. ड्रायव्हरनं गाणी लावली, मग त्याचीच त्याला लाज वाटून बंद केली.

वाडीत उतरलो तेव्हा बकऱ्या दुपारच्या सावलीला बसल्या होत्या. त्यांच्या कडेला, पाठ आमच्याकडे करून, तो. वाडीवाली म्हणाली, पावण्या, ये. ढिम्म. काकांनी हाक मारली, पापड. कान हलला, बस.

दादी सिंधीत म्हणाल्या, "अच, पुट." ये, बाळा.

अहो, तो आला म्हणजे कसा आला, मला लिहिता येत नाही. पोटावर सरपटत, रडत, शेपटीनं निम्मं अंग हलवत. दादी त्या मातीतच खाली बसल्या. त्याचे दात बघितले, पंजे बघितले, पोटावरून हात फिरवला. अंग भरलं होतं त्याचं. कोकी भरवली. वाडीवाली कुडाला टेकून दुसरीकडेच बघत होती. म्हणाली, "न्या. तुमचाच हाय तो."

तेवढ्यात बकऱ्या उठल्या. पापडनं मान उचलली. बकऱ्यांकडे बघितलं, दादींकडे बघितलं. उठला, चार पावलं गेला, परत आला, दादींच्या मांडीवर डोकं ठेवलं. पुन्हा बकऱ्यांकडे बघितलं. दादींचा हात त्याच्या मानेवर होता. आम्ही सगळे त्या हाताकडे बघत होतो. खूप वेळानं त्यांनी तो उचलला.

तो धावत बकऱ्यांच्या मागे गेला. एक करडू वाटेवरून फुटत होतं, त्याला वळवून आत घातलं.

काका बाजूला उभे होते. पुस्तक उघडलेलं, पेन्सिल हातात. तीन महिन्यांनी त्यांनी दादींना पहिल्यांदा विचारलं, "दादी, काय लिहू?"

दादींनी डोळे पुसले आणि त्यांच्याकडे बघितलं. "इतने साल नौकरी क्या की आपने? बदली लिखो, बदली." मग डब्यातली दुसरी कोकी त्यांच्यापुढे धरली. "खा लो. सुबह से कुछ खाया नहीं होगा."

काकांनी उभ्या उभ्याच ती कोकी खाल्ली. खाताना तोंड फिरवलं होतं.

काकांना जाऊन आता वर्ष होईल. चार दिवस ताप आला आणि गेले. हजेरीपुस्तक शेडवर आहे, डॉक्टर मुलगी लिहिते, तिचं अक्षर काही त्यांच्यासारखं नाही. ते गेल्यावर दादी मला म्हणाल्या, पापडला सांगायला हवं. कुत्र्याला काय सांगणार, असं माझ्या ओठावर आलं होतं, पण मी चपला घातल्या.

वाडीवालीनं आम्हाला बघताच विचारलं, बाबा नाय आले? तेव्हा आम्हाला कळलं. काका दर रविवारी संध्याकाळी एसटीनं तिथं जायचे. पापडला हात लावायचे नाहीत, फार बोलायचे नाहीत. दगडावर बसून बकऱ्या परत यायची वाट बघायचे, आणि त्या आत गेल्या की कोंडवाड्याची कडी स्वतः घालायचे. घातलेली कडी दोनदा ओढून बघायचे. आम्हाला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही.

दादी त्या दगडावर बसल्या, मी शेजारी. ऊन उतरलं, बकऱ्या खाली आल्या, सगळ्यांच्या मागे पापड. त्यानं दादींचा पदर हुंगला, माझी पिशवी हुंगली. मग आमच्या मागे गेला, पायवाटेवर उभा राहिला आणि एसटीच्या रस्त्याकडे बघत राहिला. बकऱ्या आत शिरल्या तसा तो वळला, आणि कोंडवाड्याच्या दारात आडवा पडला.