सगळ्या नायकांचे दिवंगत वडील

हे लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं. सांगायला लागलो की लोक हसतात, मग मीही हसतो आणि खरं सांगायचं राहून जातं. आमच्या अंधेरीच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारे काका हे हिंदी सिनेमातले सर्वांत थोर वडील होते, याबद्दल मला आजही शंका नाही. ऐंशीच्या दशकात पडद्यावर जेवढे नायक पोरके झाले, त्यातले निम्मे तरी त्यांचेच. एकाही सिनेमात ते चालले नाहीत की बोलले नाहीत. ते भिंतीवर असायचे. फ्रेममध्ये, चंदनाचा हार घालून.

काका मालवणकडचे, गिरणीतून निवृत्त झालेले, विधुर. एकुलता एक मुलगा भांडून दुबईला गेला होता. त्याला पाठवायला म्हणून काकांनी खाली माझ्या स्टुडिओत फोटो काढून घेतला. भरघोस मिशा आणि नजर अशी, की बघणाऱ्याला आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटावं. एक प्रत माझ्याकडे राहिली. एके दिवशी शूटिंगवाल्यांचा माणूस धावत आला. "एक मेलेला बाप दे यार! कुठलाही चालेल, लायटिंग झालंय." मी काकांचा फोटो दिला. न विचारता. जिवंतपणी हार घातला म्हणून काका आता माझी वाट लावणार, या भीतीने मी आधीच थाप मारली, "काका, डायरेक्टरने हट्टच धरला. म्हणाला, हाच चेहरा पाहिजे."

काका चिडले नाहीत. उलट गंभीर झाले. फोटो एका सेटवरून दुसऱ्या सेटवर फिरत राहिला आणि काकांनी मिशीला न्हाव्याची कात्री लागू दिली नाही. "कंटिन्यूटी बिघाडता," म्हणायचे. प्रत्येक सिनेमाला इस्त्रीचा शर्ट घालून जायचे आणि फोटो दिसला की खुर्चीतून उठून उभे राहायचे. मागून पोरं ओरडायची, "ओ चाचा, बैठो ना!" काका वळून नुसते बघायचे. फोटोतली ती नजर अंधारात प्रत्यक्ष समोर आल्यावर अख्खी रांग गप्प झालेली मी पाहिली आहे. नंतर जिन्यात थांबवून ते आपलं मरण सांगायचे. "ह्या टायमाक डाकवांनी मारल्यानी." कधी स्मगलर, कधी नुसताच खोकला. खोकल्याने मेले की दोन दिवस घुश्शात असायचे. सोसायटीच्या गणपतीत बक्षिसं द्यायला पाहुणे म्हणून त्यांनाच बोलावलं. भाषण एवढंच झालं, "मी काय करूक नाय. नुसतो गप रवलंय." टाळ्या थांबेनात.

त्याच रात्री घरी परतताना मात्र मुलाचा विषय काढून म्हणाले, "पडद्यावरचे झील बघ. फोटोसमोर रडतत, शपथा घेतत. आणि माझो सख्खो झील? एक फोन करूक नाय."

तो फोन आला. इमारतीत फोन फक्त माझ्या स्टुडिओत होता. मुलाने दुबईत कुणाकडे तरी व्हिडिओवर सिनेमा पाहिला होता. तो हमसून रडत होता. "जिवंत माणसाच्या फोटोला कोण हार घालतं? खरं सांगा, बाबा गेले ना? मी निघतोय."

"अरे, ठणठणीत आहेत! वरच आहेत. बोलावू?"

त्याचं रडणं थांबलं. मग म्हणाला, "नको. आहेत ना? बस झालं." आणि फोन ठेवला.

मी लगेच सांगायला वर गेलो. फोनची घंटी ऐकून काका दारातच येऊन उभे होते. "कोणाचो फोन रे?"

मुलगा कशासाठी रडला हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. तुमचा चेहरा कुणी निवडला नव्हता, कुठलाही मेलेला बाप चालणार होता, आणि माझ्यामुळे तुमच्या मुलाने तुम्हाला मेलेलं पाहिलं. मी म्हणालो, "राँग नंबर, काका."

"बरां," म्हणाले आणि आत गेले.

पुढच्याच वर्षी ते गेले. तोवर रोज उद्या सांगू म्हणत राहिलो. सांगायचं होतं ते फार मोठं नव्हतं. काका, फोन तुमच्याच मुलाचा होता. तुमच्यासाठी तो लहान पोरासारखा रडत होता. मला माफ करा.