चौदा ग्रॅमचे सौजन्य

शिवऱ्याजवळ महामार्ग सोडून आत वळले की टेकडीच्या उतारावर गोल्फचे एक मैदान लागते. त्याच्या मागल्या अंगाला, गवत कापण्याची यंत्रे ठेवतात त्या पत्र्याच्या शेडला लागून, एक लहानशी खोली आहे. तीत कोंडिबा बसत. मूळचे हिर्डोशीचे हे गृहस्थ मैदान घडत होते तेव्हा माती ओढायला आले, पुढे खेळाडूंच्या पिशव्या वाहू लागले, आणि पस्तिशीनंतर काठ्यांच्या दुरुस्तीचे काम शिकून तिथेच स्थिरावले. बिऱ्हाड किकवीला केले. रोज सकाळी मोटारसायकलवरून यायचे, खोलीचे दार उघडून उंबऱ्याला हात लावायचा आणि कामाला बसायचे, हा त्यांचा अठरा वर्षांचा नेम.

गोल्फच्या काठ्यांत फेअरवे वूड नावाची एक काठी असते. नावात लाकूड असले तरी तिचे डोके आता पोलादाचे असते. गवतावर पडलेला चेंडू लांब धाडायचा तो हिने. डोके आणि मूठ यांना जोडणारी जी नळी, तिला शाफ्ट म्हणतात. आणि तिचे वजन खेळणाऱ्याच्या बाहूशी जुळले नाही तर उरलेली सारी विद्या वाया जाते. शाफ्ट हलका पडला तर हात पुढे धावतात आणि डोके भरकटते. जड झाला तर डोके मागे रेंगाळते, अंगाचा झोक आधीच संपतो आणि चेंडू उजवीकडे, खालून, मरगळून जातो. हे तारतम्य कोंडिबांच्या तळहातात होते. काटा त्यांच्याजवळ होता, पण आधी हात सांगे आणि मग काटा दुजोरा देई. त्यांचे वडील हिर्डोशीत कुदळी-कुऱ्हाडींचे दांडे करीत. गिऱ्हाइकाचा पहिला घाव ते कधी पाहत नसत. माणूस घामाघूम झाल्यावरचा घाव पाहून दांडा तासत. ती दृष्टी मुलाकडे आली होती, आणि त्या दृष्टीवर त्यांचा उदरनिर्वाहच काय, त्यांची प्रतिष्ठाही उभी होती.

भोरच्या डॉक्टर शुभदाबाई या मैदानावर वीस वर्षे येत होत्या. यजमान आनंदराव इंजिनिअर. खेळाचा नाद त्यांनी लावला आणि दोन वर्षांत स्वतः सोडला. बाईंनी मात्र तो व्रतासारखा धरला. आठवडाभर भोरमध्ये बाळंतपणे करायची आणि रविवारी पहाटे पिशवी घेऊन हजर व्हायचे. सुरुवातीची पिशवी कोंडिबांनी वाहिली होती, पुढचे सारे शाफ्टही त्यांनीच निवडले. बायका सहसा पन्नास ग्रॅमच्या आसपासचा शाफ्ट घेत; बाईंच्या वूडचा शाफ्ट चौसष्ट ग्रॅमचा होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. मैदानाच्या सातव्या टप्प्यावरचा ओढा त्या वूडने एका फटक्यात ओलांडायचा, ही त्यांची ख्याती.

मग बाईंच्या छातीत गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, काखेपर्यंत कापावे लागले, आणि उपचारांत नऊ महिने गेले. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा झोका डाव्या बाहूवर तोललेला असतो. बाईंचा नेमका तोच बाहू दुखावला होता.

नऊ महिन्यांनी त्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा डोक्याला रुमाल होता आणि आवाज तोच होता.

"कोंडिबा, जिवंत आहे मी. भूत पाहिल्यासारखं काय बघताय?"

"न्हाई बाई, या की. तुमची खुर्ची पुसून ठेवलीया."

"आणि माझा वूड? गंजला असेल."

"गंजंल कसा? दर अमुशाला त्येल लावतुया त्येला."

"अहो, म्हसोबा आहे का तो?" बाई हसल्या. हसताना त्यांचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर टेकलेला होता, हे कोंडिबांनी पाहिले.

बाई येणार हे कळल्यावर त्यांनी दोन काठ्या सिद्ध करून ठेवल्या होत्या. एक बाईंची जुनी, आणि दुसरी हुबेहूब तशाच डोक्याची, पण पन्नास ग्रॅमच्या शाफ्टची. बाईंचा हात आपसूक जुनीकडे गेला. शेडमागच्या गवतावर त्यांनी तीन झोके घेतले. पहिला सुरेख गेला. दुसरा बरा. तिसऱ्यात डावे कोपर मुडपले आणि करंगळी मुठीवरून किंचित सुटली. तिथेच त्यांना थांबवून हलकी काठी हाती द्यायची, आणि दमेपर्यंत दोन्ही मारून पाहायला लावायचे, एवढेच करायचे होते.

"अजून तेवढीच ताकद आहे ना हो माझ्यात?" बाईंनी विचारले.

प्रश्न शाफ्टचा नव्हता, हे कोंडिबांना उमगले. समोरच्या मुद्रेवर इतक्या महिन्यांनी आलेला उजेड त्यांना दिसत होता. तो आपल्या हाताने विझवणे त्यांच्या संस्कारात बसेना.

"हाय की बाई. ह्योच तुमचा शाफ्ट," ते म्हणाले, आणि खोलीत येताच दुसरी काठी त्यांनी पायाने टेबलाखाली सारली.

त्याच सकाळी सातव्या टप्प्यावर बाईंनी तीन चेंडू मारले. तिन्ही उजवीकडे, खालून गेले आणि ओढ्यात पडले.

"तहान लागली होती वाटतं तिघांना," बाई म्हणाल्या. मग वूडकडे बघत, अगदी सावकाश: "हात गेला माझा, कोंडिबा. शाफ्टचा काय दोष?"

पिशवी खांद्याला लावून कोंडिबा शेजारीच उभे होते. फरक होता दोन सुपाऱ्यांएवढ्या वजनाचा, चौदा ग्रॅमचा. पण ते बोलून दाखवायचे तर आधी आपण खोटे बोललो हे सांगावे लागणार होते. बाईंनी काठी पिशवीत ठेवली आणि त्या मैदानावर पुन्हा आल्या नाहीत.

एक महिना गेला, दुसरा गेला. फोन करीन म्हणता म्हणता कोंडिबा मोबाईल खाली ठेवीत. चौथ्या महिन्यात किकवीच्या घरी, ताटावर बसलेले असताना, त्यांच्या पत्नी मंगलबाईंनी विषय काढला.

"बाईंनी खेळ सोडला म्हंत्यात."

"व्हय."

"कशापायी?"

कोंडिबांनी घास हातात धरूनच सारे सांगितले. मंगलबाई ऐकत राहिल्या, आणि मग त्यांचा आवाज चढला.

"आन तुमी चार म्हैनं गप बसला?"

"काय सांगू त्यास्नी? बाई, तुमी दुबळ्या झाला म्हून?"

"दुबळं म्हंजी काय ते त्या डाक्टरला तुमी शिकवणार व्हय? आपल्या नूतनच्या जलमाच्या येळंला त्यांनी मला तोंडावर सांगितलं हुतं, मंगल, दोघी वाचाल याची खात्री नाही, पण मी हितनं हलणार नाही. गोड बोलल्या का त्या? पोरगी आज संसार करतीया. आन तुमाला एक काठी हलकी हाय म्हून सांगवंना!"

ताट तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी कोंडिबांनी पन्नास ग्रॅमची काठी फडक्यात गुंडाळली आणि भोरची एसटी धरली.

नीरेकाठच्या घराचे दार आनंदरावांनी उघडले. काठी पाहून त्यांचा चेहरा कसनुसा झाला. "या. पण जास्त बोलायला लावू नका. तीन आठवड्यांपूर्वी पुन्हा निघालं. या वेळी हाडांत आहे."

बाई माडीवर खिडकीशी पलंगावर होत्या, इतक्या लहान की कोंडिबांना आधी अंथरूणच दिसले. त्यांनी नमस्कार केला, फडके सोडले, आणि उभ्याउभ्याच, एका दमात, सारे कबूल केले. ऐकताना बाईंच्या मुद्रेवर डॉक्टरचा जुना निश्चलपणा आला.

"याचं वजन किती?"

"पन्नास."

"आणि त्या दिवशीचा चौसष्टच होता."

"व्हय, बाई."

"तुम्हाला कधी कळलं?"

"तवाच. तिसऱ्या झोक्याला."

आनंदराव पाण्याचा पेला उगाच उचलून पुन्हा ठेवीत होते.

"कोंडिबा," बाई म्हणाल्या, "त्या दिवसानंतरचे तीन महिने माझे चांगले होते. दुखत नव्हतं. भूक लागत होती. दर रविवारी पहाटे जाग यायची, आणि मी कूस बदलून स्वतःला सांगायची, हात गेला आता, झोप. खेळू शकले असते हो मी."

"चुकलं, बाई."

"मी तुमच्याकडे दयेसाठी आले नव्हते. मापासाठी आले होते. ते तुमच्याशिवाय कुणाला कळत नाही म्हणून."

बाईंनी खूण केली तशी त्यांनी काठी पलंगावर आडवी ठेवली. बाईंनी मुठीखाली दोन बोटे घातली. काठी उचलली गेली नाही. नाडी पाहावी तशी ती बोटे काही क्षण तिथे थांबली.

"बरोबर आहे हा," त्या म्हणाल्या. आणि डोळे मिटून: "पुन्हा येऊ नका असं नाही म्हणत. पण आज जा."

कोंडिबांनी काठी घ्यायला हात पुढे केला. बाईंची बोटे तिच्यावरून निघाली नव्हती. आनंदरावांनी मानेने नको म्हटले, आणि कोंडिबा रिकामे फडके घेऊन जिना उतरले.

अकराव्या दिवशी बाई गेल्या. आनंदरावांनी फोनवर सांगितले, काठी शेवटपर्यंत अंथरुणावर होती. कुणी उचलायला गेले तर त्या रागावत. कोंडिबांविषयी मात्र पुन्हा एक शब्द बोलल्या नाहीत. ती काठी बाईंनी मायेने जवळ ठेवली की रागाने, हे आनंदरावांना विचारणे कोंडिबांना जमले नाही. त्या रविवारी कोंडिबांनी खोलीचे दार उघडले नाही. मैदान मात्र नेहमीसारखे चालू होते.