घरट्यासमोरची फांदी

“आवं, ती फांदी मधी येतीया. काढूया की,” मेजर कुजबुजले. शेजारी बसलेला सांगलीचा हळदीचा व्यापारी लगेच म्हणाला, “काढा, काढा. पिल्लांची तोंडं मोकळी दिसाय पायजेत.”

पलूसच्या पुढे ओढ्याकाठच्या एका आमराईत आम्ही तिघं कॅमेरे लावून बसलो होतो. समोर स्वर्गीय नर्तक या पक्ष्याचं वाटीएवढं घरटं. नर त्यात बसला की त्याची लांब पांढरी शेपटी बाहेर लोंबायची. पिल्लांना अजून पिसंही फुटली नव्हती. मे महिन्याच्या उन्हात त्यांच्यावर सावली होती ती त्या एकाच फांदीची.

मेजर म्हणजे निवृत्त सुभेदार. ही बढती त्यांना आमच्या पक्षी-फोटोग्राफीच्या गटाने दिली होती. अंगात अजून चट्ट्यापट्ट्यांचे कपडे, जणू पक्षी उलट गोळीबार करणार होते. व्यापाऱ्याची लेन्स माझ्या हाताहून लांब होती, आणि पक्ष्याचं नाव तो फोटो काढून झाल्यावर विचारायचा.

या दोघांचं बाराही महिन्यांचं पक्षीप्रेम मी पाहिलं होतं. थंडीत तलावावर पट्टकादंब हंस निवांत बसलेले असत. पण बसलेल्या पक्ष्याला व्हॉट्सॲपच्या गटावर कोण विचारतं? मग मेजर खडा भिरकावत, थवा उडे आणि कॅमेरे खडखडत. पावसाळ्यात नवरंगाला मोबाईलवरून त्याच्याच जातीची शीळ ऐकवायची. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो झुडपातून बाहेर येई, आणि हे म्हणत, “पोझ देतोय बघा गडी!” संध्याकाळी गटावर ‘नाइस क्लिक सर’ची रांग. फोटोखाली निसर्ग वाचवण्याविषयी दोन ओळी, त्याही कुठून तरी उचललेल्या.

मी बोलत नसे. माझी शाळा इंग्रजी; पहिल्याच फेरीत बदकं मोजताना एकोणसाठ की एकोणसत्तर यात अडकले होते, आणि तेव्हापासून मी ‘मिस’ झाले होते. “मिसला मराठी आकडं शिकवा रं कुणीतरी!” मग मी गप्पच बसायला लागले. त्या गप्प बसण्याला हे दोघे कौतुक समजत.

जीपमधून कोयता आला. ऊसपट्ट्यातल्या गाडीत तो असतोच. मेजर झाडाकडे निघाले तसा नर घरट्यावरून उठला आणि त्यांच्या डोक्यावर कर्कश ओरडत घिरट्या घालू लागला.

“आता कसा ॲक्टिव्ह झाला!” व्यापारी खूश होऊन म्हणाला.

फांदी गेली की ती उघडी पिल्लं दुपारपर्यंत भाजून निघणार होती, किंवा त्याआधीच कावळ्याला दिसणार होती. माझ्या डोक्यात वाक्य इंग्रजीत तयार होतं. ते मराठीत जुळवेपर्यंत मेजरांनी डाव्या हाताने फांदी वाकवलीसुद्धा.

मी कॅमेरा उचलला.

“मिस, पक्षी वर हाय. हिकडं काय काढताय?” मेजर हसले.

कोयता, फांदी, घरटं आणि ते हसू, सगळं एकाच चौकटीत आलं. मी कॅमेरा खाली घेतला. दोघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

“कोयता खाली ठेवा, काका. नाहीतर हा फोटो आजच फॉरेस्टवाल्यांकडे जाईल.”